हास्यक्लबाचे श्रेय कोणाला?

जुहूच्या चौपाटीवर सकाळी सहा-साडेसहाला गेलात, तर भेळवाले अजून आलेले नसतात. वाळूवर चालणारे, धावणारे, कुत्री फिरवणारे आणि हसणारे असतात. हसणारे म्हणजे हास्यक्लबाची मंडळी. पंचवीस-तीस माणसे, बहुतेक साठीच्या पुढची, गोल करून उभी राहतात, 'हो हो, हा हा हा' अशा ठेक्यावर टाळ्या वाजवतात, हात वर करून दीर्घ श्वास घेतात आणि कोणीही विनोद न सांगता हसू लागतात. कधी जीभ बाहेर काढून सिंहासारखी, कधी एकमेकांना नमस्कार करीत, कधी कानाशी मोबाइल धरल्याचे सोंग करून. बाजूने जाणाऱ्यालाही हसू फुटते आणि त्यात कोणी अपमान मानीत नाही.

तेथे एका सकाळी ओळखीच्या मुख्याध्यापिका बाई भेटल्या. त्यांनी हातात एक छापील पत्रक ठेवले. म्हणाल्या, ''सर, शाळेत परिपाठाच्या वेळी रोज दहा मिनिटे हे सुरू करावे म्हणते. तुम्ही संशोधक आहात. यात विज्ञान आहे, एवढे चार ओळींत लिहून द्या, म्हणजे पालकसभेत प्रश्न उरणार नाही.'' शेजारी उभे असलेले एक आजोबा लगेच म्हणाले, ''द्याच लिहून. मी तर ब्लडप्रेशरची गोळी अर्धी केली आहे.''

''डॉक्टरांना विचारून?''

''त्यांना काय विचारायचे? बरे वाटते आहे ना!''

चार ओळी मला लिहिता आल्या नाहीत. म्हणून हा लेख.

पत्रकातील दावे वाचकांच्या परिचयाचेच आहेत. हसल्याने रक्तदाब उतरतो, रक्तात भरपूर प्राणवायू जातो, मेंदूत एंडॉर्फिन स्रवते, ताणाची संप्रेरके घटतात, प्रतिकारशक्ती वाढते, आयुष्य वाढते. एक मिनिटाचे हसणे म्हणजे दहा मिनिटे वल्ही मारण्याचा व्यायाम. आणि सगळ्यांत खाली, ठळक अक्षरांत: खरे हसणे आणि खोटे हसणे यांतला फरक शरीराला कळत नाही. हे शेवटचे वाक्य या चळवळीचा पाया आहे. ते कोठून आले हे पाहण्यासारखे आहे, कारण ही चळवळ मूळची जुहूच्या शेजारची.

१३ मार्च १९९५ रोजी अंधेरीच्या लोखंडवाला संकुलातील बागेत डॉ. मदन कटारिया यांनी पहिला हास्यक्लब भरवला. ते मुंबईत वैद्यकीय व्यवसाय करीत, आरोग्यविषयक मासिक चालवीत आणि त्यासाठी हास्य व आरोग्य या विषयावर लेख लिहीत होते. लिहिण्यापेक्षा करून पाहावे असे त्यांना वाटले. पहिल्या दिवशी पाच माणसे होती. सुरुवातीला प्रत्येकाने विनोद सांगायचा आणि इतरांनी हसायचे अशी रीत होती. दोन आठवड्यांत चांगले विनोद संपले. उरलेले कोणाला तरी बोचणारे, काही अश्लील. मंडळी कुरकुरू लागली. तेव्हा विनोदच काढून टाकावा आणि नुसते हसावे, असा तोडगा निघाला. त्यांच्या पत्नी माधुरी योगासनांच्या जाणकार. श्वसनाचे व्यायाम त्यातून जोडले गेले. आज शंभराहून अधिक देशांत असे क्लब असल्याचे ही संस्था सांगते. आपल्याकडे पुण्यात विठ्ठल काटे यांच्या नवचैतन्य हास्ययोग परिवाराच्या शाखा बागाबागांतून दिसतात.

विनोद संपले ही अडचण प्रांजळपणे सांगितली जाते, याचे मला कौतुक वाटते. पण अडचणीवर काढलेला तोडगा आणि निसर्गाचा नियम या दोन गोष्टी वेगळ्या. 'शरीराला फरक कळत नाही' हे वाक्य तोडग्याच्या समर्थनार्थ आले आणि पुढे नियम म्हणून छापले जाऊ लागले.

हसण्याच्या औषधी गुणांची आधुनिक कथा मात्र त्याहून जुनी आहे. नॉर्मन कझिन्स हे अमेरिकेतील एक नामवंत संपादक १९६४ साली आजारी पडले. कण्याचे सांधे आखडत जाणारा दुर्धर रोग असे निदान झाले. त्यांनी रुग्णालय सोडून हॉटेलात खोली घेतली, 'क' जीवनसत्त्वाच्या प्रचंड मात्रा शिरेतून घेतल्या आणि विनोदी चित्रपट पाहिले. दहा मिनिटे पोटभर हसलो की दोन तास वेदनेविना झोप लागते, असा अनुभव त्यांनी नोंदवला. ते बरे झाले. १९७६ साली अमेरिकेतील एका अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकाने हा अनुभव छापला आणि १९७९ मध्ये त्याचे पुस्तक झाले. पुस्तक प्रामाणिक आहे. कझिन्स आपल्या बरे होण्याचे सारे श्रेय हसण्याला देत नाहीत. ते देण्याचे काम वाचकांनी केले. एक रुग्ण, एकाच वेळी तीन-चार उपाय, निदानाबद्दल पुढे घेतल्या गेलेल्या शंका, आणि तुलनेला दुसरा कोणी नाही. नववीतल्या विद्यार्थ्यालाही यातून निष्कर्ष काढू नये हे कळेल.

त्यानंतरचा सर्वाधिक उद्धृत होणारा प्रयोग ली बर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा येथला, १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेला. 'हसल्याने ताणाची संप्रेरके घटतात' या वाक्याचा उगम बहुधा येथेच सापडतो. प्रयोगात माणसे होती दहा. पाच जणांनी तासभर विनोदी चित्रफीत पाहिली, पाच जण शांत बसले. हसणाऱ्यांच्या रक्तातील कॉर्टिसॉल अधिक वेगाने उतरले, हे खरे. पण त्याच निबंधात आणखी दोन गोष्टी आहेत, त्या पत्रकांत येत नाहीत. एक, एंडॉर्फिनमध्ये लक्षणीय वाढ आढळली नाही. दुसरी, हसणाऱ्या गटातले एपिनेफ्रिन चित्रफीत सुरू होण्याआधीपासूनच कमी होते. म्हणजे दोन्ही गट आरंभी सारखे नव्हते. पाच-पाच माणसांत असे होणारच. २०२३ साली अशा आठ अभ्यासांचे, मिळून ३१५ माणसांचे एकत्रित विश्लेषण झाले, त्यातही कॉर्टिसॉल सुमारे ३२ टक्क्यांनी उतरलेले दिसले. तेव्हा मुद्दा अगदी पोकळ नाही. परंतु कॉर्टिसॉल सकाळपासून दुपारपर्यंत आपोआपही उतरत जाते, आणि तासाभराची उतरण म्हणजे रोग हटला असे नव्हे.

इतर दावे लवकर आटपतात. निरोगी माणसाच्या धमनीतले हिमोग्लोबिन आधीच ९५ ते ९९ टक्के प्राणवायूने भरलेले असते. भरलेल्या बादलीत आणखी पाणी ओतण्यात अर्थ नाही. हसताना खरे तर उच्छ्वासच अधिक होतो: श्वासपटल आणि बरगड्यांमधले स्नायू झटके देतात, 'हा' हा ध्वनी सेकंदाच्या पंधराव्या भागाइतका टिकतो आणि दर पंचमांश सेकंदाला पुन्हा येतो, फुप्फुसातली हवा नेहमीच्या पातळीखाली जाते आणि मग आपण मोठा श्वास ओढतो. वल्ही मारण्याचे वाक्य विल्यम फ्राय या संशोधकाच्या नावावर सांगितले जाते. त्याचा संबंध फक्त हृदयाच्या ठोक्यांशी आहे. ठोके परीक्षेचा निकाल हाती येतानाही वाढतात, त्याला कोणी व्यायाम म्हणत नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या मापनानुसार दिवसाकाठी दहा ते पंधरा मिनिटे खरे हसल्याने १० ते ४० किलोकॅलरी जास्त खर्च होतात. एक वडापाव अडीचशे-तीनशेच्या घरात जातो. उत्तम हिशेब धरला तरी तो फेडायला आठवडा लागेल. आयुष्यवाढीबद्दल म्हणाल, तर कॅलिफोर्नियात १९२१ पासून सुमारे पंधराशे मुलांचा आयुष्यभर पाठपुरावा करण्यात आला. १९९३ च्या अहवालात असे दिसले, की लहानपणी आनंदी व विनोदी म्हणून नोंदलेली मुले सरासरीने थोडी लवकर वारली. म्हणून कोणी मुलांना हसू नका असे सांगणार नाही. पण पत्रकात हे कधी येत नाही.

आता त्या ठळक वाक्याकडे. फ्रेंच वैद्य द्युशेन यांनी १८६२ मध्येच दाखवले होते, की ओठ ताणणारा स्नायू आपल्या हुकमात असतो, परंतु खऱ्या हसण्यात डोळ्यांभोवतीचा जो स्नायू आकुंचन पावतो तो सहसा हुकूम पाळत नाही. वर्गात छायाचित्र काढताना 'हसा' म्हणून पाहा, लगेच पटेल. चेतासंस्थेतही दोन वाटा आहेत. मेंदूच्या एका भागाला इजा होऊन चेहऱ्याची एक बाजू लुळी पडलेल्या काही रुग्णांना 'हसून दाखवा' म्हटले, तर तोंड एकाच बाजूला ओढले जाते. पण कोणी गमतीचे बोलले की दोन्ही बाजू हसतात. इजा दुसरीकडे असेल तर याच्या उलट घडते. तेव्हा शरीराला फरक चांगलाच कळतो.

याला एक उत्तर दिले जाते: चेहरा हसरा केला की मन मागोमाग येते. १९८८ साली एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध झाला. पेन दातांत धरले की चेहरा नकळत हसरा होतो. अशा माणसांना व्यंगचित्रे अधिक विनोदी वाटली. पाठ्यपुस्तकांनी तो उचलला. २०१६ मध्ये सतरा प्रयोगशाळांनी तो पुन्हा केला आणि परिणाम दिसला नाही. २०२२ मध्ये १९ देशांतील जवळजवळ चार हजार माणसांवर निरनिराळ्या पद्धती ताडून पाहिल्या. चेहरा जाणीवपूर्वक हसरा केल्यास मन किंचित प्रसन्न होते, असे दिसले. पेनाच्या पद्धतीने मात्र निर्णायक असे काही हाती लागले नाही. मी या 'किंचित'ला महत्त्व देतो. विज्ञानात खऱ्या गोष्टी बऱ्याचदा किंचितच असतात.

मग चौपाटीवरची माणसे ताजीतवानी दिसतात ती कशामुळे? ती दिसतात, यात मला शंका नाही. पण ती पहाटे उठली आहेत, घरून चालत आली आहेत, समुद्रावरच्या हवेत त्यांनी हातपाय हलवले आहेत, दीर्घ श्वास घेतले आहेत आणि त्यांना पंचवीस जणांनी नावाने हाक मारली आहे. एकजण दोन दिवस आला नाही तर तिसऱ्या दिवशी त्याच्या घरी फोन जातो. त्यात हसणेही आहे. श्रेय कोणाला? आणि जे आजारी असल्यामुळे येत नाहीत ते या वर्तुळात मोजलेच जात नाहीत, हेही विसरता कामा नये.

हा प्रश्न नीट विचारणारा एक प्रयोग इराणमध्ये झाला. तेहरानमधील साठीच्या पुढच्या, नैराश्याची लक्षणे असलेल्या स्त्रियांचे यादृच्छिक रीतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, तीन गट केले. एका गटाला कटारिया यांच्या पद्धतीचा हास्ययोग, दुसऱ्याला सामूहिक व्यायाम, तिसऱ्याला काहीच नाही. अखेरपर्यंत टिकलेल्या स्त्रिया साठ. २०११ मध्ये निष्कर्ष आले. काहीच न करणाऱ्यांपेक्षा हास्ययोगवाल्यांचे नैराश्य कमी झाले. पत्रकाला एवढे पुरले असते. पण व्यायाम करणाऱ्यांचेही तितकेच कमी झाले. दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. तिसरा गट एवढाच तुलनेला ठेवला असता, तर सारे श्रेय हास्याच्या पदरी पडले असते. दुसऱ्या गटाने ते वाटून घेतले. (जीवनातील समाधानाच्या मोजणीत मात्र काही न करणाऱ्यांपेक्षा हास्यगट पुढे होता, हे सांगितले पाहिजे.) शिक्षकांना माझी विनंती आहे, की नियंत्रण गट ही कल्पना शिकवताना रोपटी आणि सूर्यप्रकाश यांच्या जोडीला हेही उदाहरण घ्यावे. 'काहीच न करणे' ही नेहमीच योग्य तुलना नसते, हे त्यातून जितके स्पष्ट होते तितके रोपट्यांतून होत नाही.

हसण्याच्या बाजूचा सर्वांत चांगला पुरावा ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांचा, २०१२ सालचा. माणसांना गटाने विनोदी चित्रफिती दाखवल्या, दुसऱ्यांना नीरस. आधी आणि नंतर दंडावर गोठवलेली थंड पट्टी गुंडाळली किंवा रक्तदाबाच्या यंत्राचा पट्टा फुगवला आणि 'आता सहन होत नाही' म्हणेपर्यंतची मर्यादा पाहिली. हसलेल्यांची सहनशक्ती वाढली. यावरून एंडॉर्फिन स्रवले असावे असा तर्क केला गेला. तो तपासण्यासाठी २०१७ साली फिनलंडमधील तुर्कू येथे बारा पुरुषांच्या मेंदूचे चित्रण झाले. जिवलग मित्रांबरोबर अर्धा तास विनोदी चित्रफिती पाहून हसल्यावर मेंदूत अफूसदृश द्रव्ये स्रवल्याच्या खुणा सापडल्या. सुंदर प्रयोग! पण तुलना कशाशी? तोच माणूस अर्धा तास खोलीत एकटा बसला होता त्याच्याशी. मित्रांबरोबर न हसता नुसते बसला असता तर? अमेरिकेतील रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी लोकांच्या बोलण्यातील हसण्याचे सुमारे बाराशे प्रसंग टिपले, तेव्हा आढळले की हशापूर्वीचे वाक्य विनोदी असण्याचे प्रमाण पाचातही एक नव्हते. माणसे 'बरं, मग भेटू' यावरही हसतात. एकटे असताना हसतात त्याच्या तीसपट चारचौघांत हसतात, असेही त्यांना दिसले. हसणे आणि सोबत या गोष्टी इतक्या गुंतलेल्या आहेत, की त्यांना सोडवणे प्रयोगकर्त्यालाही जड जाते.

माझे मत असे, की लोखंडवालाच्या बागेत विनोद गेला तरी काम चालले ते शरीर फसले म्हणून नव्हे. समोर ओळखीचा चेहरा होता, एकाचे ओढूनताणून हसणे पाहून दुसऱ्याला खरेच हसू आले आणि ते पसरले. क्लबातल्या पहिल्या मिनिटाचे आणि पाचव्या मिनिटाचे हसणे कान देऊन ऐका. त्यांचा आवाज वेगळा असतो. ते ठळक वाक्य चुकीचे आहे आणि क्लब तरीही उपयोगी आहे. तो घरी आरशासमोर एकट्याने हसणाऱ्याला तितका उपयोगी पडेल असे मला वाटत नाही.

शाळेचा प्रश्न निराळा आहे. साठीचा माणूस वर्तुळात स्वखुशीने येतो. परिपाठाला मुलाला पर्याय नसतो. आदल्या रात्री घरी काही वाईट घडलेले मूलही 'आता हसा' म्हटल्यावर हसलेच पाहिजे, नाहीतर ते वेगळे पडते. दम्याच्या मुलाला जोराच्या हसण्याने धाप लागू शकते. हसण्याच्या अपायांचाही आढावा २०१३ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाला आहे, त्यात दमा, मूर्च्छा, अंतर्गळ यांची नोंद आहे. हास्यक्लबवालेही अंतर्गळ आणि हृदयविकार असणाऱ्यांना जपून राहण्यास सांगतात. शिवाय शाळेत दुसऱ्यावर हसणेही असते. भरताने नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार सांगितले, स्मितापासून अतिहसितापर्यंत. वर्गातल्या हशाचा प्रकार कोणता, हे बाकावर उभ्या केलेल्या मुलाला विचारावे.

बाईंना मी प्रमाणपत्र दिले नाही, योजना दिली. पालकांची संमती घ्यावी. चिठ्ठ्या टाकून तीन तुकड्यांचे तीन भाग पाडावेत. दोन आठवडे एकीने परिपाठानंतर दहा मिनिटे हास्यव्यायाम करावा, दुसरीने लंगडी खेळावी, तिसरीने नेहमीप्रमाणे वर्गात जावे. नको असेल त्या मुलाने बाजूला बसण्याची मुभा ठेवावी. पहिल्या तासाला प्रत्येकाने नाव न लिहिता एक ते पाच असा आकडा चिठ्ठीवर टाकावा, मन कसे आहे म्हणून. आणि चिठ्ठ्या मोजणाऱ्या शिक्षकाला कोणती तुकडी काय करीत होती हे ठाऊक नसावे. एक तुकडी फार लहान नमुना आहे, निष्कर्ष पक्का निघणार नाही, हेही मुलांनाच सांगावे. नाडी मोजायला शिकवता येईल तो वरचा फायदा.

बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. ''आणि लंगडीला जास्त गुण मिळाले तर?''

''तर लंगडी.''

त्या हसल्या, डोळ्यांसकट. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर करून पाहते म्हणाल्या.

राहिले आजोबा. त्यांना मी एवढेच विचारले, की गोळी अर्धी केल्यापासून रक्तदाब किती वेळा मोजलात? एकदाही नाही. वाढलेला रक्तदाब बहुधा कोणतेच लक्षण दाखवीत नाही. डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, बरेच वाटत असते, आणि तेवढ्यात मूत्रपिंड, डोळे, मेंदूच्या रक्तवाहिन्या यांचे नुकसान होत राहते. 'बरे वाटणे' हे हास्यक्लबाचे योग्य माप आहे, रक्तदाबाचे नाही. हे मी त्यांना सांगितले ते त्यांना फारसे पटले नसावे. पण वर्तुळातल्या एका निवृत्त परिचारिका बाईंनी ते ऐकले. दुसऱ्या दिवशी त्या पट्टा आणि यंत्र पिशवीत घालून घेऊन आल्या आणि सिंह-हास्य सुरू होण्यापूर्वी त्यांनी आजोबांना कट्ट्यावर पाच मिनिटे गप्प बसवले. आकडा १७० च्या वर होता. त्याच दिवशी ते आपल्या डॉक्टरांकडे गेले. गोळी पूर्ववत झाली आहे. क्लबही चालू आहे, आणि सोमवारी यंत्र येते.